कौलावरचा अँटेना

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हणाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पाककृती लिहायची तर माझ्याहून सुगरणी आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरी एक लहानशी फजिती झाली आणि तिच्या मागे लागता लागता मला एक इतिहासच सापडला. तो राजामहाराजांचा नाही. आपल्या कौलांवर, पत्र्यांवर आणि गच्च्यांवर एके काळी उभ्या असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचा, म्हणजे अँटेनाचा आहे. आपल्यापैकी वडीलधाऱ्या बायकांनी तो प्रत्यक्ष पाहिला आहे. म्हणून चुकलेमाकले असेल तर त्यांनी सांभाळून घ्यावे.

आधी फजिती सांगते. आमच्या सासूबाईंचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांना संध्याकाळच्या मराठी बातम्या आणि सकाळचे भजन-कीर्तन एवढेच लागते. केबलचे पैसे दर महिन्याला भरायचे, रिचार्ज संपला की पडदा काळा व्हायचा, मग मुलाला किंवा नातवाला हाक मारायची, हे त्यांच्या जिवावर येई. “अगं, पूर्वी हे सारं वाऱ्यावर यायचं, त्याला कुणी पैसे मागत नव्हतं,” असे त्या वारंवार म्हणत. मी पापड-कुरडयांच्या कामातून थोडे पैसे बाजूला ठेवले होते. एका दुकानदाराने सांगितले की, घरातच टेबलावर ठेवण्याचा छोटा अँटेना मिळतो, तो टीव्हीला जोडा, सारे सरकारी चॅनेल फुकट दिसतील. साडेसहाशे रुपये देऊन मी तो मोठ्या हौसेने आणला. खिडकीत ठेवला, कपाटावर ठेवला, शेवटी माळ्यावर चढून ठेवला. पडद्यावर एक अक्षर उमटेल तर शपथ! सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. माझे पैसे गेले याचे मला वाईट वाटले, त्याहून अधिक वाईट वाटले ते आपल्याला आपल्या गावातले काही माहीत नाही याचे. मग मी विचारपूस सुरू केली. पूर्वी अँटेना बसवून देणाऱ्या एका वयस्क कारागिरांना विचारले, वाचनालयात जाऊन बसले, धाकट्या मुलाकडून शोधून घेतले. जे कळले ते येथे क्रमाने मांडते.

टीव्हीच्या आधी रेडिओ आला. आपल्या देशात रीतसर नभोवाणी केंद्र सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईत. त्या वेळच्या रेडिओलाही अँटेना लागे. दोन वाशांच्या मध्ये कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी तांब्याची तार ताणायची आणि तिचे टोक खिडकीतून आत घ्यायचे. सासूबाईंच्या माहेरी अशी तार होती आणि तिच्यावर चुकून कोणी ओला पंचा टाकला की आजोबा घर डोक्यावर घेत. रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. तेव्हा ‘वाऱ्यावर येणारे’ सारे अगदी फुकट होते, असेही नाही. दुपारी जेवणी-खाणी आटोपल्यावर मुंबई केंद्रावरचे ‘वनिता मंडळ’ ऐकण्यासाठी शेजारपाजारच्या बायका जमत. पुढे काय होणार होते, त्याचे बी तेथेच पडले असे मला वाटते.

चित्राचे म्हणाल तर हलत्या चित्राची विद्या आपल्या नाशिककरांना परकी नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मले. त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत लोकांसमोर आला आणि पुढे त्यांनी आपले चित्रपटांचे काम नाशकातच थाटले. पण ते चित्र पाहायला थिएटरात जावे लागे. चित्र हवेतून घरी पाठवायचे, हा खटाटोप साहेबाच्या देशात चालला होता. जॉन लोगी बेअर्ड या गृहस्थांनी २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनला असे चित्र काही शास्त्रज्ञ मंडळींना करून दाखविले.

मौज अशी की, त्याच सुमारास जपानमध्ये यागी आणि उदा हे दोन प्राध्यापक एका काठीवर आडव्या काड्या लावून हवेतल्या लहरी पकडण्याचा प्रयोग करीत होते. आपल्या कौलांवर माशाच्या काट्यासारखा दिसणारा जो अँटेना होता, तो यांचाच. त्यातली एकच काडी खरे काम करते. तिच्या मागची लांब काडी लहर परतवून पुढे ढकलते आणि पुढच्या आखूड काड्या लहरीला वाट दाखवितात. म्हणून त्याचे तोंड ज्या दिशेला, तिकडचेच त्याला ऐकू येते. असे सांगतात की, १९४२ साली सिंगापूर पडले तेव्हा जपानी अधिकाऱ्यांना इंग्रजांच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द सापडला. त्यांना त्याचा अर्थ लागेना. शेवटी एका इंग्रज कैद्याने सांगितले की, अहो, हे तर तुमच्याच प्राध्यापकांचे नाव! घरच्या माणसाची किंमत बाहेरच्याने सांगावी लागते, ही रीत साऱ्या जगाची दिसते.

आपल्या देशात दूरचित्रवाणी आली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीला. आपले पु. ल. देशपांडे त्या आरंभीच्या दिवसांत तेथे कामाला होते. पण दिल्लीबाहेर ती यायला पुढे तेरा वर्षे लागली. मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधीजयंतीला. वरळीला सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा आहे. तेथून निघालेली लहर मुंबईकरांच्या घरी पोहोचू लागली. तेथल्या मराठी बातम्या सांगणाऱ्यांत स्मिता पाटील होत्या, भक्ती बर्वे होत्या. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती, आमची माणसं’ होते, बायकांसाठी ‘सुंदर माझं घर’ होते, ‘गजरा’ होता. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, सिंहगडावर उपकेंद्र झाले आणि पुणेकरांचीही सोय झाली. नाशिक मात्र राहून गेले.

का राहिले, तेही समजून घेण्यासारखे आहे. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून वळणे घेत दूरवर जातात. टीव्हीच्या लहरी तशा नाहीत. त्या दिव्याच्या उजेडासारख्या जवळजवळ सरळ जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्यापलीकडे सावली पडते. मुंबईहून नाशिक सरळ रेषेतदेखील सुमारे दीडशे किलोमीटर आणि मध्ये सह्याद्री उभा. वरळीच्या मनोऱ्याने कितीही मान उंच केली तरी घाटमाथ्यावरून त्याला नाशिक कसे दिसावे!

तरीही आमच्या मामंजींनी हट्ट धरला. १९७९ साली त्यांनी लाकडी पेटीचा, सरकते दार असलेला काळापांढरा टीव्ही घेतला. वाड्यातला तो पहिलाच. नळाचे तीन पाइप एकाला एक जोडून तीसेक फूट उंच खांब केला, त्यावर लांबलचक काड्यांचा अँटेना चढविला, त्याचे तोंड नैऋत्येला मुंबईकडे केले, खाली बूस्टर लावला. मग रोज संध्याकाळी एकच नाटक. मामंजी कौलावर, आमचे यजमान (ते तेव्हा सात-आठ वर्षांचे) दारात आणि सासूबाई टीव्हीपुढे. वरून प्रश्न, “आलं का?” दारातून तोच प्रश्न आत. आतून उत्तर, “मुंग्याच आहेत!” पुन्हा वरून, “आता?” “आवाज आला, चित्र गेलं!” कधी एखाद्या निरभ्र रात्री अवचित चित्र लागे. त्याचे कारण त्या कारागिरांनी मला सांगितले. हवेत गार आणि उष्ण थर एकावर एक बसले की लहर त्यांच्यामधून वाकून दूरवर जाते. पण तेव्हा कोणाला हे ठाऊक! ज्या दिवशी चित्र लागे त्या दिवशी जो देव पुजला असेल त्याला श्रेय मिळे.

या हौसेची किंमत बायकांनी भरली, हेही लिहून ठेवले पाहिजे. चित्र लागो न लागो, तीस-चाळीस माणसे ओटीवर जमत. पुरुष सतरंजीवर, मुले त्यांच्या पुढ्यात आणि बायका खिडकीबाहेर उभ्या. सासूबाई सांगतात, “मी टीव्ही पाहिला असा नाहीच. मी चहाच केला.” एका पावसाळ्यात वादळाने तो खांब कोसळला आणि शेजारच्या बिऱ्हाडाची सतरा कौले फुटली. कौलांचे पैसे मामंजींनी दिले, तरी दोन घरांत दीड वर्ष बोलाचाली नव्हती. पुरुषांनी तोंडे फिरविली. शेवटी संक्रांतीला सासूबाईंनी आपण होऊन त्यांच्या दारी जाऊन तिळगूळ दिला, तेव्हा कोठे तो अबोला सुटला.

इकडे देशात मोठ्या घडामोडी चालल्या होत्या. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २४०० खेड्यांना थेट आकाशातून कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता, परंतु डोंगराला वळसा घालण्याऐवजी डोंगराच्या वरून यावे, हा धडा त्यातून मिळाला. १९८२ साली, आशियाई खेळांच्या वर्षी, रंगीत चित्र आले. १९८३ साली इन्सॅट-१बी हा आपला उपग्रह वर गेला. मग १९८४ साली देशभर लहान लहान प्रक्षेपण केंद्रे निघाली. काही महिने तर जवळजवळ रोज एक केंद्र सुरू होत होते. दिल्लीहून कार्यक्रम उपग्रहाकडे जाई, गावच्या केंद्रावरची मोठी तबकडी तो खाली घेई आणि तेथून तो आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत वाटला जाई. आपल्या आजीने मोठ्या हंड्यातून वाटी-वाटी आमटी वाढावी, तसेच हे. नाशिकलाही असे केंद्र झाले आणि मामंजींचा तीस फुटी खांब सहा फुटांवर आला. सुरुवातीला दिल्लीचे हिंदीच फार दिसे, मराठीच्या वाट्याला वेळ थोडा येई. पण मुंग्या गेल्या आणि चित्र आले!

त्यानंतर २५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झाले. मी तेव्हा निफाड तालुक्यात माहेरी, आठ वर्षांची होते. दर रविवारी सकाळी आमच्या गावात एस.टी. रिकामी येई आणि रिकामी जाई. इकडे नाशकात तर प्रत्यक्ष रामरायाची पंचवटी. टीव्हीला हार घालणारी, निरांजन ओवाळणारी घरे होती. या वेळी मात्र सासूबाईंनी एक केले. त्यांनी मामंजींना स्पष्ट सांगितले की, आज चहा नाही. ज्याला प्यायचा त्याने घरून पिऊन यावे. मी आणि या बायका आत सतरंजीवर बसणार. मामंजी हसले आणि बाजूला सरले.

रामायण संपल्यावर बायका उठेनात. बोलता बोलता कोणी मुलीच्या फीची अडचण सांगितली, कोणी नवऱ्याच्या सुटलेल्या नोकरीची. त्यातून पाच-पाच रुपयांची भिशी निघाली. भिशीतून हळदीकुंकू, त्यातून शिवणवर्ग आणि त्यातून आपले हे मंडळ. आज आपण वर्धापनदिनाला व्यासपीठ सजवितो, पण मंडळाची पहिली सभा कौलावरच्या त्या अँटेनाखाली झाली, हे नव्या सभासदांना माहीत नसेल म्हणून मुद्दाम लिहिले. त्या पहिल्या भिशीतले पहिले पैसे कोणाला मिळाले म्हणता? ज्यांची सतरा कौले फुटली होती, त्याच घरातल्या वहिनींना!

पुढे काळ बदलला. १९९१ साली आखाती युद्ध झाले आणि तबकड्यांवरून परदेशी बातम्या दिसू लागल्या. १९९२ साली खासगी हिंदी वाहिनी आली. गल्लीगल्लीतून केबलच्या काळ्या वायरी झाडांवरून आणि विजेच्या खांबांवरून फिरल्या. १९९४ साली दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी झाली, तिलाच आपण आज सह्याद्री म्हणतो. घराघरांतून अँटेना उतरले. कोणी त्यांच्या काड्यांवर तोंडली-कारल्याचे वेल चढविले, आमच्या अँटेनाचा खांब कपडे वाळत घालायला कामी आला. केंद्र सरकारने ठरविलेल्या दुसऱ्या टप्प्यात नाशिकही होते, त्यामुळे ३१ मार्च २०१३ नंतर नाशकात केबलसाठी सेट-टॉप बॉक्सची सक्ती झाली. २०१९ साली नवे दर आले. तेव्हा वाहिन्यांचे पैसे वेगळे आणि नुसत्या जोडणीचे १३० रुपयांपर्यंत व त्यावर कर वेगळा, असे झाले. ज्या बाईला एकच वाहिनी पाहायची होती, तिलाही हा पाया भरणे आले. सासूबाईंची कुरकुर सुरू झाली ती येथून.

पण अँटेना उतरला तरी हवेतली लहर थांबली नव्हती. आपण पाहत नव्हतो, तरी केंद्र आपले काम करीतच होते. जी घरे गरीब, जेथे जुना टीव्ही आणि जुनी काडी, तेथे ती लहर पोहोचत होती. जुन्या पद्धतीऐवजी नवी डिजिटल पद्धत आणायची म्हणून २०१६ साली देशातील १६ शहरांत अँटेनावर दिसणारे डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले. त्यात आपल्या महाराष्ट्रातील मुंबई होती आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर होते. नाशिक नव्हते. १९७२ सालासारखेच पुन्हा राहिले! आणि देशभरची जुन्या पद्धतीची केंद्रे क्रमाक्रमाने बंद करून ३१ मार्च २०२२ पर्यंत ती जवळजवळ सारी मिटली, सरहद्दीसारख्या महत्त्वाच्या जागची पन्नासेक तेवढी ठेवली. पाहणारे फार थोडे उरले होते आणि केंद्रे चालविण्याचा खर्च मोठा. वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये वाचतील, असे प्रसार भारतीने सांगितले होते. हिशेबाने पाहिले तर हे योग्यच असेल. परंतु जी वस्तू सर्वांची असते, ती जाते तेव्हा कोणाच्याच घरातून काही गेल्यासारखे वाटत नाही. आम्ही वर्तमानपत्र घेतो, तरी आमच्या लक्षात आले नाही. दोष आमचाच.

आता माझ्या साडेसहाशे रुपयांचे कोडे सुटले. मुंबईत खिडकीशी ठेवलेल्या काडीला पकडायला काहीतरी होते. आमच्या घरातल्या काडीभोवती पकडण्यासारखे काहीच नव्हते. विहीर आटलेली आणि मी नवा पोहरा आणून दोर सोडीत बसले होते. शिवाय डिजिटलचे एक आणखी आहे. जुन्या पद्धतीत लहर कमजोर असली तर मुंग्यांतून का होईना, अंधुक चित्र दिसे. नव्या पद्धतीत एक तर चित्र स्वच्छ दिसते, नाहीतर पडदा कोराच राहतो. त्यामुळे आपले काय चुकले, हेही समजत नाही.

मग फुकट काहीच राहिले नाही काय? राहिले आहे. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने थेट उपग्रहावरून घरोघरच्या तबकडीत कार्यक्रम द्यायला आरंभ केला. आज त्यालाच डीडी फ्री डिश म्हणतात. तबकडी, बॉक्स आणि बसविणावळ यांचा खर्च एकदाच, मग दर महिन्याचे काही नाही. पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह एका जागी स्थिर असल्यासारखा राहतो. त्यामुळे तबकडी एकदा बसविली की पुन्हा कोणी कौलावर चढून “आलं का?” विचारायला नको. आम्हाला सारे मिळून सतराशे रुपये पडले. अर्धे मी दिले, अर्धे सासूबाईंनी आपल्या पेन्शनमधून काढून दिले, माझे काही ऐकले नाहीत.

सभासद भगिनींना माझे एवढेच सांगणे आहे. आपल्या आळीत अशा पुष्कळ वडील बायका एकट्या राहतात, त्यांना कोणी घरातल्या अँटेनावर फुकट चॅनेल दिसतील म्हणून सांगितले तर पैसे देण्याआधी विचारावे की, आपल्या गावात तसे प्रक्षेपण आहे काय, आणि दुकानातच चित्र लावून दाखवा म्हणावे. तबकडी लावायची तर नाशकात तिचे तोंड आग्नेयेकडे वर करावे लागते, तेव्हा त्या दिशेला झाड किंवा उंच इमारत नाही ना, हे पाहून घ्यावे. ज्यांना हे जमणार नाही, त्यांच्यासाठी मंडळाने दोन मुली बरोबर द्याव्यात, अशी माझी सूचना मी येत्या सभेत मांडणार आहे.

तबकडी बसली त्या संध्याकाळी कारागीर खाली उतरले. मी आत टीव्ही लावला. सह्याद्रीच्या बातम्या लागल्या, चित्र आरशासारखे स्वच्छ. सासूबाई खुर्चीत नीट बसल्या, चष्मा पुसला आणि सवयीने दाराकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, “आलं हो!” कौलावर कोणी नव्हते. मामंजींना जाऊन नऊ वर्षे झाली. मी काही न बोलता चहा ठेवायला उठले, तशा त्या म्हणाल्या, “चहा मागाहून. आधी तू बैस.”

मी बसले. आम्ही दोघींनी बातम्या शेवटपर्यंत पाहिल्या.